‘सब्बे सत्ता’मध्ये तुम्हीही आलात: न्यूनगंडाने त्रासलेल्यांसाठी मैत्री भावनेची सुरुवात

रविवारी विहारात वंदना संपताना ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ म्हटलं जातं. सगळे प्राणिमात्र सुखी होवोत. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात त्या ‘सगळ्यां’मध्ये घरचे असतात, शेजारी असतात, दवाखान्यात असलेली आत्या असते. स्वतः मात्र नसतात. ‘आपण कुठेच कामाचे नाही’ असं ज्यांना आतून वाटत राहतं, त्यांच्या बाबतीत तर हे हमखास होतं. मैत्री भावना म्हणजे सगळ्यांचं, आणि त्यात स्वतःचंही, भलं चिंतण्याचं बौद्ध ध्यान. हा लेख अशांसाठी आहे. ध्यानाचा अनुभव नसला तरी चालेल, बौद्ध असण्याचीही अट नाही.

इथे आत्मविश्वास वाढवण्याचा उपाय मिळणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ‘मी कमी आहे’ या समजुतीवर ‘मी भारी आहे’ हा उतारा बुद्धाने दिलेला नाही. त्याने ‘मान’ नावाच्या मनोमळाची तीन रूपं सांगितली: मी दुसऱ्याहून श्रेष्ठ, मी दुसऱ्याच्या बरोबरीचा आणि मी दुसऱ्याहून हीन. तिन्हींमागे एकच सवय, सतत स्वतःला कुणाशी तरी ताडून बघण्याची. दहा संयोजनांमध्ये म्हणजे बंधनांमध्ये हा मान आठवा येतो आणि तो पूर्णपणे सुटतो तो अर्हत म्हणजे पूर्ण मुक्त झाल्यावरच. तेव्हा महिनाभर बसूनही तुलना थांबली नाही म्हणून खचायचं कारण नाही. मैत्री भावनेत त्या तुलनेशी वाद घालायचाच नसतो. तिथे वेगळं काम करायचं असतं, ते म्हणजे भलं चिंतणं. रस्त्यात धडपडलेल्या माणसाला हात देताना आपण त्याची मार्कशीट मागत नाही. स्वतःचं भलं चिंतायलाही आधी लायकी सिद्ध करावी लागत नाही.

मात्र हे तीन रूपांचं ज्ञान कुणाच्या अंगावर फेकू नका. आपल्याकडे कमीपणाची भावना अनेकांना जातीने, गरिबीने, शाळेतल्या मागच्या बाकाने, घरातल्या टोमण्यांनी बाहेरून चिकटवलेली असते. अशा माणसाला ‘हा तुझाच मान आहे’ असं ऐकवणं म्हणजे जखमेचा दोष जखमीला देणं. सुत्तनिपातातल्या वसलसुत्तात बुद्धाने स्पष्ट म्हटलं आहे, ‘न जच्चा वसलो होति’, जन्माने कुणी हीन होत नाही. थेरगाथेत सुनीत स्थविर स्वतःची ओळख देतात ती नीच मानलेल्या कुळात जन्मलेला, पोट भरण्यासाठी वाळलेली फुलं उचलून टाकणारा अशी. त्यांना बुद्धाने संघात घेतलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसं समान आहेत ही प्रतिज्ञा आहे आणि आपला नवा जन्म होत असल्याचीही आहे. अपमान करणाऱ्या व्यवस्थेशी लढायचं काम बाहेर करावंच लागतं. तिची भाषा आपल्याच डोक्यात आपल्याच आवाजात बोलू लागलेली असते, तिच्यापुरतं हे बसणं आहे.

आधी आठवडाभर वही

लगेच डोळे मिटून बसू नका. एक छोटी वही घ्या आणि सात दिवस, दिवसातून फार तर तीन नोंदी करा. प्रत्येक नोंदीत तीनच गोष्टी: काय घडलं, मनात उमटलेलं नेमकं वाक्य, आणि तुलना कुणाशी होती. उदाहरणार्थ: ‘साहेबांनी रिपोर्ट परत पाठवला. माझ्याच्याने काही धड होत नाही. शेजारच्या टेबलावरची बाई.’ बस्स. यापेक्षा जास्त लिहिलं की नोंद संपते आणि रवंथ सुरू होतो.

आठवड्याअखेर वही वाचलीत तर दिसेल की वाक्यं फार थोडी आहेत. दिवसभर वेगवेगळ्या प्रसंगांत दोन-तीन वाक्यंच फिरून फिरून येतात, आणि बऱ्याचदा ती कुणाची तरी जुनी वाक्यं असतात: वडिलांची, एखाद्या मास्तरांची, सासूची. ही ओळख पुढे उपयोगी पडते. बसलेलं असताना तेच वाक्य आलं की ‘हे ते वहीतलं’ एवढं कळतं आणि माणूस त्याच्यामागे फरफटत जात नाही.

जागा, वेळ, बैठक

मुंबईतल्या एका खोलीत चार-पाच माणसं राहत असतील तर एकांत मिळणार नाही, त्याची वाट पाहू नका. पाणी भरून झाल्यावर आणि डबा करायला घेण्याआधी मिळणारी पंधरा मिनिटं बहुतेकांना जमतात. रात्रपाळी करणाऱ्यांनी घरी येऊन झोपण्याआधी नको, उठल्यावर बसावं. जेवणानंतर लगेच बसलात तर डुलकी लागते. विसुद्धिमग्ग या जुन्या बौद्ध ध्यानग्रंथातही जेवणाची सुस्ती उतरल्यावर बसायला सांगितलं आहे. घरच्यांना ‘पंधरा मिनिटं हाक मारू नका’ इतकंच सांगा. काय करताय याचं व्याख्यान देऊ नका, थट्टा सुरू झाली तर नवखा माणूस दुसऱ्याच दिवशी सोडतो.

गोधडी किंवा चादर दुमडून चार-पाच बोटं जाडीची घडी कुल्ल्यांखाली घ्या. गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत, नाहीतर दहा मिनिटांत कंबर भरते. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसा, पावलं जमिनीला पूर्ण टेकवा. पाय जमिनीला पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर, त्यातच पंधरा मिनिटांचा गजर. मिक्सर, शेजारचा टीव्ही, खाली चाललेली गाडी लावण्यावरून भांडणं, हे सगळं चालू द्या. कानात संगीत घालू नका. मन गाण्यावर बसतं आणि वाक्यं नुसती तोंडातून जातात.

वाक्यं तीनच ठेवा. रोज नवी शोधायला लागलात तर मन शब्द निवडण्यात गुंततं. आपल्याकडच्या आज्या जसं बोलायच्या तसं साधं चालतं:

माझं भलं होवो.
माझ्या मनातलं भय सरो.
मला निवांतपणा लाभो.

पाली सवयीची असेल त्यांनी ‘अहं अवेरो होमि, अब्यापज्जो होमि, अनीघो होमि, सुखी अत्तानं परिहरामि’ म्हणावं: मी वैरमुक्त असो, द्वेषमुक्त असो, दुःखमुक्त असो, स्वतःला सुखाने सांभाळो. पण अर्थ लागत नसताना पाली म्हणू नका, इथे अर्थच कामाचा आहे.

पंधरा मिनिटं कशी वापरायची

१. पहिली तीन मिनिटं शरीरासाठी. जमिनीला टेकलेला भाग, मग पोट, मग छाती, मग जबडा. जबडा बहुतेकांचा आवळलेला असतो, दात एकमेकांपासून सुटे करा. श्वास मुद्दाम लांब करू नका.

२. पुढची चार मिनिटं उपकारकर्त्यासाठी. विसुद्धिमग्गातला क्रम असा: आधी स्वतः, मग आदरणीय माणूस, मग अत्यंत प्रिय माणूस, मग तटस्थ, शेवटी वैरी. पण न्यूनगंड खोल असेल तर ‘माझं भलं होवो’ म्हणताच आतून विरोध उसळतो आणि सगळी बैठक त्या भांडणात जाते. म्हणून आम्ही नवख्यांना दुसऱ्या पायरीपासून सुरू करायला सांगतो. फी भरायला मदत करणाऱ्या बाई, कामावर पहिल्या दिवशी सांभाळून घेणारे सहकारी, असं कुणीतरी निवडा. चेहरा आठवा, त्यांनी केलेली एकच ठरावीक गोष्ट आठवा, आणि ‘तुमचं भलं होवो, तुमच्या मनातलं भय सरो, तुम्हाला निवांतपणा लाभो’ असं मनात म्हणा. एक वाक्य, मग दोन-तीन श्वास गप्प, मग दुसरं.

निवडताना दोन पथ्यं आहेत आणि दोन्ही विसुद्धिमग्गातलीच. ज्याच्याबद्दल शारीरिक ओढ आहे तो माणूस नको, कारण मैत्रीच्या वेषात आसक्ती शिरते. आणि हयात नसलेला माणूस नको. वारलेल्या आजीला किंवा बाबासाहेबांना समोर आणण्याची इच्छा आपल्याकडे फार स्वाभाविक आहे. तसं केलं की मन कृतज्ञतेत किंवा शोकात जातं, मैत्री भावना तिथे टिकत नाही. त्यांना बसण्यापूर्वी वंदन करा, आणि भावनेसाठी जिवंत माणूस घ्या.

३. मग पाच मिनिटं स्वतः. उडी मारू नका. त्या उपकारकर्त्याने तुमच्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं होतं ते आठवा आणि त्यांच्या शेजारी स्वतःला बसलेलं पाहा. आधी ‘आपलं दोघांचं भलं होवो’ असं तीन-चार वेळा. मग फक्त ‘माझं’. आजचा स्वतःचा चेहरा डोळ्यांसमोर धरवत नसेल तर आठ-दहा वर्षांचे होतात तेव्हाचे तुम्ही घ्या, शाळेच्या गणवेशातले. हात छातीवर ठेवल्याने लक्ष टिकतं, म्हणून ठेवायला हरकत नाही.

४. उरलेल्या तीन मिनिटांत ज्याच्याशी तुमचं ना प्रेम ना भांडण असा एक माणूस: इमारतीचा वॉचमन, रोज दिसणारी फुलवाली. शेवटी घरातले, चाळीतले, शहरातले सगळे, आणि त्यात मी धरून, ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’.

तिसऱ्या पायरीवर ‘हा स्वार्थ नाही का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो, बायकांना अधिक. त्याचं उत्तर परंपरेने फार आधी देऊन ठेवलं आहे. राजा पसेनदि आणि राणी मल्लिका यांचा संवाद संयुत्तनिकायात आणि उदानात आहे. राजाने विचारलं, तुला स्वतःहून प्रिय कुणी आहे का? मल्लिकेने खरं सांगितलं, नाही. राजाचंही उत्तर तेच निघालं. बुद्धाने दोघांपैकी कुणाला स्वार्थी म्हटलं नाही. प्रत्येकाला आपला जीव असाच प्रिय असतो, म्हणून ज्याला आपलं हित हवं त्याने दुसऱ्याला इजा करू नये, एवढंच तो म्हणाला. पाचव्या शतकात बुद्धघोषाने विसुद्धिमग्गात हेच सूत्र धरलं. स्वतःपासून सुरुवात करायची ती साक्षीसाठी: मला जसं सुख हवं, तसं सगळ्यांनाच हवं. आणि लगेच ताकीदही दिली, शंभर काय हजार वर्षं फक्त स्वतःवरच मैत्री केली तरी अर्पणा समाधी म्हणजे पूर्ण एकाग्रता लागणार नाही. (या ग्रंथाची धर्मानंद कोसंबींनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्याच भारतीय विद्या भवनाने काढली.)

त्याच प्रकरणात दरोडेखोरांचा एक प्रसंग कल्पून सांगितला आहे, आणि ज्यांना स्वतःला मागे ठेवण्याची सवय आहे त्यांनी तो सावकाश वाचावा. साधक, त्याचा प्रिय माणूस, एक तटस्थ माणूस आणि एक वैरी असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येऊन म्हणतात, बळीसाठी एकजण द्या. साधक म्हणाला ‘याला न्या’ किंवा ‘त्याला न्या’, तर त्याच्या मैत्रीच्या सीमा, म्हणजे माणसामाणसांत केलेला भेद, अजून तुटलेल्या नाहीत हे उघड आहे. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ म्हणाला तरीही तुटलेल्या नाहीत, असं बुद्धघोष लिहितो. कारण ज्याला न्यावं असं वाटतं त्याचं अहित त्याने चिंतलेलंच असतं, मग तो स्वतः का असेना. चौघांपैकी कुणालाच देऊ नये असं वाटलं तरच मन समान झालं. सगळ्यांना वाढून तळाचं खरवडून खाणारी बाई, ओव्हरटाइमला नेहमी स्वतःचंच नाव पुढे करणारा माणूस, यांना आपण त्यागी म्हणत आलो आहोत. या कसोटीवर तो त्याग उतरत नाही.

काय बिघडतं आणि का

काहीच वाटत नाही, ही पहिली तक्रार. मैत्री म्हणजे छातीत ऊब जाणवणं असा समज असतो. ती ऊब आली तर छान, पण साधना आहे ती इच्छेची, भलं व्हावं याकडे मन वळवण्याची. कोरडं वाटत असतानाही वाक्य अर्थ धरून म्हटलं तर काम झालं.

मन उलट उत्तर देतं: ‘माझं भलं होवो’ म्हटलं की ‘कशाला? तू काय दिवे लावलेस?’ त्याच्याशी युक्तिवाद करू नका, आपल्या चांगल्या गुणांची यादी वाचून दाखवू नका. यादी वाचायला लागलात की पुन्हा तुलनेच्या खेळात उतरलात. वहीतलं वाक्य म्हणून ओळखा, एक श्वास घ्या, आपलं वाक्य पुन्हा म्हणा. तिसऱ्यांदाही विरोध तितकाच असेल तर उपकारकर्त्याकडे परत जा. त्यात हार नाही.

रडू येणं बिघाड नव्हे. पण हुंदके थांबत नसतील, अंग थरथरत असेल, जुना प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटत असेल, तर डोळे उघडा, पावलं जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, पाणी प्या. त्या दिवशी तिथेच थांबा.

स्वतःची कीव वाटू लागली तर सावध व्हा, कारण ती करुणेसारखी दिसते. विसुद्धिमग्गात प्रत्येक ब्रह्मविहाराचा (मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावनांचा) एक जवळचा आणि एक लांबचा शत्रू सांगितला आहे. करुणेचा लांबचा शत्रू क्रूरता, तर जवळचा शत्रू दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता. ओळखायची खूण सोपी आहे. करुणेनंतर काहीतरी करावंसं वाटतं: डॉक्टरकडे जावं, झोपावं, मैत्रिणीला फोन करावा. किवेनंतर नुसतं पडून राहावंसं वाटतं.

आणि ‘मला मैत्री भावनासुद्धा जमत नाही’. हे तेच जुनं वाक्य, नवे कपडे घालून आलेलं. बुद्धाचा शिष्य चुल्लपंथक याला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही, सख्ख्या भावाने त्याला संघातून जायला सांगितलं. बुद्धाने त्याला गाथा दिलीच नाही. एक स्वच्छ फडकं दिलं आणि ते चोळत ‘रजोहरणं’ (मळ काढणारं) एवढाच शब्द म्हणत बसायला सांगितलं. फडकं मळत गेलं, ते पाहता पाहता त्याला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला. पद्धत माणसाला झेपेल अशी बदलायची असते. पंधरा मिनिटं झेपत नसतील तर पाच करा.

चूक खरंच झाली असेल तर

कधी कधी अपराधाला कारण असतं. आपण खोटं बोललो, कुणाचे पैसे बुडवले, मुलावर हात टाकला. तिथे ‘स्वतःला माफ करा’ एवढं पुरत नाही. पश्चात्तापाने कुढत राहणं म्हणजे कौकृत्य, त्याची गणना पाच नीवरणांत म्हणजे ध्यानाच्या अडथळ्यांत होते. संखधमसुत्तात बुद्धाने दिलेला मार्ग व्यवहार्य आहे: मी केलं ते बरं नव्हतं हे मान्य करायचं, पश्चात्ताप करत बसल्याने झालेलं कर्म न झालेलं होत नाही हे ओळखायचं, ते कर्म इथून पुढे सोडायचं, आणि मग मैत्रीने मन भरायचं. वहीत एका ओळीत कृत्य लिहा, स्वतःवरचा शिक्का लिहू नका: ‘मी खोटं बोललो’ असं, ‘मी खोटारडा आहे’ असं नको. खाली, कुणाचं नुकसान झालं आणि ते कसं भरून देणार. पैसे असतील तर हप्ता ठरवा, माफी असेल तर दिवस ठरवा. एका विश्वासू माणसाला किंवा भन्तेंना म्हणजे भिक्षूंना सांगा. त्यानंतर तेच पुन्हा पुन्हा उगाळणं हा प्रामाणिकपणाचा भाग राहत नाही.

याची दुसरी बाजू आपण नेहमी विसरतो. आपल्या मुलाला, राहुलाला, उपदेश करताना बुद्धाने जसं वाईट कृती उघड करायला सांगितलं, तसंच चांगली कृती झाली असेल तर त्या आनंदात राहा, असंही सांगितलं. आपलं शील आणि आपलं दान आठवणं, म्हणजे शीलानुस्सति आणि चागानुस्सति, या रीतसर ध्यानपद्धती आहेत. रात्री अंथरुणावर पडल्यावर दोन मिनिटं: आज पंचशीलातलं काय पाळलं, कुणाला काय दिलं. गाडीत चौथी सीट सरकून दिली हेही दानच. कमीपणाची सवय असलेल्यांना हा भाग सर्वांत अवघड जातो आणि सर्वांत जास्त उपयोगी पडतो, असं आमचं ठाम मत आहे.

प्रवासात आणि कामावर

कल्याणहून किंवा विरारहून रोज येणाऱ्यांना लोकलचा एक तास आहेच. उभ्या उभ्या डोळे मिटू नका, खिसा आणि तोल दोन्ही सांभाळायचे असतात. दोन स्टेशनांमधलं अंतर धरा: एका टप्प्यात स्वतःसाठी तीन वाक्यं, पुढच्या टप्प्यात समोर उभ्या माणसासाठी. मोबाइलवर जुन्या वर्गमित्रांची घरं, गाड्या, परदेशवाऱ्या पाहून खचायला होत असेल तर निदान सकाळच्या प्रवासात ते ॲप उघडू नका. ओरडा खाल्ल्यावर उत्तर देण्याआधी तीन श्वास पुरतात.

इथे थांबून डॉक्टरकडे जा

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जीव द्यावा असे विचार येत असतील, तर मैत्री भावनेवर विसंबू नका. टेलि मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि सायन रुग्णालय इथे मानसोपचार विभाग आहेत. चालू गोळ्या ध्यानासाठी बंद करू नका. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या ठिकाणच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी अर्ज करताना आजार आणि औषधं लपवू नका. मौन आणि दिवसाचे दहा तास ध्यान प्रत्येक मनाला झेपत नाही.

सोबत हवी असेल तर

घराजवळच्या विहारातली साप्ताहिक वंदना ही सगळ्यात सोपी सुरुवात. मागे बसा, कुणी काही विचारत नाही. त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या केंद्रांत मैत्री भावना पाच टप्प्यांत शिकवतात, पहिला टप्पा स्वतःचाच असतो. शांत जागा हवी तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी आहेत. सोमवारी बंद असतात, फाटकापासून लेण्यांपर्यंत बरंच आत जावं लागतं, म्हणून सकाळी लवकर निघा. भिक्षूंच्या तिथल्या दगडी बाकांवर थोडा वेळ बसता येतं. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरच्या गर्दीत ध्यान होणार नाही, एरवीच्या दिवशी पहाटे जा.

महिन्यानंतर

स्वतःपाशी पाच मिनिटं फारसं न भांडता जाऊ लागली की विसुद्धिमग्गातल्या क्रमातला पाचवा माणूस घ्या, ज्याचा राग येतो तो. सुरुवात किरकोळ माणसाने करा: रांगेत घुसणारा, जिन्यात चपला टाकणारा. ज्याने आयुष्यभराची जखम दिली त्याला पहिल्या वर्षी हात लावू नका. राग उसळला तर लगेच मागच्या पायरीवर या, म्हणजे तटस्थ, मग उपकारकर्ता, मग स्वतः. विसुद्धिमग्गातही आधीच्या माणसांकडे परतून मैत्री पुन्हा जागवायला सांगितलं आहे. आणि ज्याच्याविरुद्ध तुमची तक्रार चालू आहे, मग ती ॲट्रॉसिटीची असो की घरगुती हिंसाचाराची, त्याचं भलं चिंतण्यासाठी ती मागे घ्यावी लागत नाही. तारखेला हजर राहा, कागद नीट ठेवा, वकिलांना भेटा. त्या बैठकीत तुम्ही स्वतःचंही भलं चिंतलेलं असतं.